लाल डब्याने ओव्हरटेक केलं त्या दिवसापासून

चिपळूणहून कराडला येताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. माझं माहेर त्या बाजूचं, त्यामुळे घाटाची वळणं पाठ आहेत. गेल्या मे महिन्यात गाडीत आम्ही पाच जण आणि मागे दादाने दिलेल्या आंब्याच्या दहा पेट्या. पॅडल पार तळाला टेकवलं तरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २०-२५ च्या वर जाईना. आरशात बघितलं तर मागे काळा धूर. तेवढ्यात एक एसटी हॉर्न वाजवत आली आणि आम्हाला मागे टाकून निघून गेली. सासूबाई म्हणाल्या, "एसी बंद कर गं, गाडीला धाप लागलीय." बंद केला. खरंच थोडा फरक पडला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गाडी २०११ ची, २.२ लिटरचं डिझेल इंजिन, त्याला टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली. पिकअप एका दिवसात गेला नव्हता. वर्षभर अॅव्हरेज १२ वरून घसरत १० च्या खाली आलं होतं, आणि मी ते वयावर ढकलत होते. त्यात पुढच्या वर्षी गाडीची पंधरा वर्षं भरणार, म्हणजे पुनर्नोंदणीला न्यायची की आत्ताच विकायची हा विषय घरात रोज रात्री जेवताना निघायचा.

नेहमीच्या गॅरेजमध्ये एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ऑइल बदललं. ४,२०० रुपये. दोन दिवस गाडी पळाल्यासारखी वाटली. पैसे खर्च केले की असं वाटतंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परत गेले तर मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, टर्बो बसलाय. नवीन टाकू, ४८ हजार." मी विचारलं, काय बघून म्हणता? "धूर बघा की." घरी विचारून सांगते म्हणाले आणि निघाले. एरवी हे वाक्य मी कधी वापरत नाही, पण त्या दिवशी कामाला आलं.

मग घरच्या घरी जमेल तेवढं तपासायचं ठरवलं. आधी क्लच. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटरचं पॅडल पूर्ण दाबलं; आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. तसं झालं नाही. मग ब्रेक. एखादा ब्रेक चिकटून राहिला तरी गाडी ओढत नाही, आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा तापतं. दहा किलोमीटर फिरून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितलं, सगळी सारखीच. राहिलं इंजिन. इथे धुरानेच दिशा दिली. डिझेल कमी पडलं असतं तर गाडी नुसती मेल्यासारखी चालली असती. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही.

अकराशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फोनवर आकडे दिसतात. कोड निघाला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. मिस्त्रींना फोन केला, ते खूश: "बघा, मी म्हटलंच होतं!" पण दाब का कमी आहे, हे तो कोड सांगत नाही. गच्चीवरची टाकी भरत नाही म्हणून कोणी लगेच मोटार बदलत नाही, आधी पाईप बघतो.

दाब दाखवणारा सेन्सर तरी खरं बोलतोय का, ही शंका होती. ती माहेरच्या रस्त्यानेच मिटली. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. चिपळूणला त्याने १०१ किलोपास्कल दाखवले आणि कराडला ९५. घाट चढून आल्यावर एवढा फरक पडायलाच हवा. सेन्सर प्रामाणिक निघाला. मग पाटण रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल दाबून गाडी पळवली. हे शेजारी बसून फोनवरचे आकडे मोठ्याने वाचत होते. ११०, १२५, १३५, आणि तिथेच थांबलं. अशा इंजिनाला पूर्ण भाराखाली २०० च्या पुढे जायला हवं.

हे आकडे कागदावर लिहून कराडजवळच्या मलकापूरला एका वयस्कर फिटर मामांकडे गेले. त्यांनी कागद वाचला नाही, पण नीट घडी करून खिशात ठेवला. आधी टर्बोच्या तोंडावरचा पाईप काढला आणि बोटाने पाती फिरवली. शाफ्ट आडवा किंचित हलत होता, तेवढं चालतं. पुढे-मागे मात्र अजिबात नाही, आणि पाती कडेला घासल्याची खूणही नाही. "टर्बो ठणठणीत हाय ताई."

मग मला गाडी सुरू करायला सांगून ते वाकून बघत राहिले. या टर्बोच्या आत दाब कमी-जास्त करणारी वेगळी पाती असतात, ती व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा शोषून केलेल्या ओढीवर हलतात. इंजिन सुरू झालं की बाहेरचा रॉड खेचला जातो, बंद केलं की सुटतो. आमचा अर्ध्यातच थांबत होता. रॉड हाताने मोकळा हलत होता, म्हणजे आतली पाती कार्बनने जाम नव्हती. मी म्हटलं, व्हॅक्यूम पंपच गेला असेल. मामा म्हणाले, "ब्रेक लागतोय न्हवं नीट? त्योच पंप ब्रेकला बी हाय." पंप ठीक. दोष निघाला तो पंपापासून येणाऱ्या बारीक रबरी नळीत. इंजिनाच्या उष्णतेने ती वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी झाली होती. वाकवली तशी मोडली.

तेवढ्यावर मी खूश होते. मामा नव्हते. त्यांनी पीव्हीसी पाईपच्या टोपीला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, ती टोपी टर्बोच्या तोंडाला क्लिपने आवळली आणि कॉम्प्रेसरने अगदी बेताने हवा भरली. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. इंटरकूलरहून, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीहून, इंजिनाकडे जाणाऱ्या जाड होजवर, क्लिपच्या अगदी खाली, फेसाचा फुगा आला. बोटभर चीर होती, तीही खालच्या अंगाला. एरवी मिटलेली, आतून दाब आला की उघडणारी. म्हणून गाडी सपाट रस्त्यावर बरी चालायची आणि चढावर मार खायची. त्या जागी तेलकट डाग होता. गेल्या सर्व्हिसिंगला तो कोणीतरी स्वच्छ पुसून दिला होता.

होज १,९०० रुपये, सिलिकॉनची नळी दीडशे, मजुरी सहाशे. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा पळवली: २१२. हे आकडा मोठ्याने वाचायचे विसरले आणि वरचं हँडल धरून बसले.

तरी १,५०० आरपीएमच्या खाली गाडी थोडी घुटमळायची. ते काम ईजीआर व्हॉल्व्हचं निघालं. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीमुळे पूर्ण मिटत नव्हता. उघडून बघितला तर आत चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखे थर, वाट निम्मी बुजलेली. तो आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) धुवायला अख्खा रविवार गेला आणि माझा एक चांगला पंजाबी ड्रेसही. बघायला आलेल्या एकाने सल्ला दिला की ईजीआर पत्रा लावून बंदच करून टाका, वर रीमॅप करून घ्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवून घ्या, गाडी विमान होईल. पत्रा लावणं नियमात बसत नाही. आणि एवढ्या जुन्या क्लचवर जास्तीचा जोर टाकायची माझी हिंमत नाही.

पीयूसीला आधी धुराचा आकडा २.१ आला होता. आमच्या जुन्या बीएस-थ्री गाडीला मर्यादा २.४५, म्हणजे काठावर पास. या वेळी ०.९ आला. इंजिनात डिझेल फवारणारा एक इंजेक्टर बाकीच्यांपेक्षा जास्त डिझेल परत पाठवतो, हे मामांनी बाटल्या लावून दाखवलंय. तो खर्च पुनर्नोंदणी झाल्यावर. विकायचा विषय जेवताना निघत नाही आता.

गणपतीत पुन्हा माहेरी गेलो. परत येताना मागे तांदळाची दोन पोती. कुंभार्लीत त्याच वळणावर तिसरा गिअर, एसी चालू, आणि पॅडल अजून निम्मंसुद्धा दाबलेलं नाही. पुढे एसटी. धुकं दाट आणि रस्ता अरुंद, ओव्हरटेकला जागाच नाही. हेळवाकपर्यंत तिच्याच मागे आलो.