जेफ बेकच्या नादी लागून

फास्ट वाजवणाऱ्या गिटारिस्टची कॉपी करणं त्यामानाने सोपंय, हे ऐकून काही मित्र मला मारायला उठतील पण माझं खरंच असं मत झालंय. म्हणजे बघा ना, कितीही तुफान सोलो असू दे, व्हिडिओ अर्ध्या स्पीडला लावायचा, टॅब (कुठल्या तारेवर कितव्या घरात बोट ते आकड्यांत लिहिलेला कागद) काढायचा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) हळू सुरू करून रोज जरा जरा वाढवत न्यायचा, कधी ना कधी बोटं तिथवर पोचतात. गिटारिस्ट जेफ बेकला यातलं काहीच लागू पडत नाही. अर्ध्या स्पीडला लावला की हा माणूस अजूनच कोड्यात टाकतो, कारण मुळात नोटा, म्हणजे सूर, कमी आणि सगळी गंमत एका नोटेवरून दुसरीवर जाताना होते. टॅबमध्ये लिहिणार तरी काय? १२ चा आकडा, पुढे बारची (सूर खालीवर करायच्या दांडीची) खूण, झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: लंडनच्या दक्षिणेला वॉलिंग्टनमध्ये १९४४ चा जन्म, १९६५ ला यार्डबर्ड्स बँडमध्ये गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनच्या जागी आला, १९७५ ला 'ब्लो बाय ब्लो' काढला, गायक नसलेला अख्खा अल्बम आणि प्रोड्यूसर कोण तर बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन. जानेवारी २०२३ मध्ये गेला. गाड्यांचं प्रचंड वेड, जुन्या हॉट रॉड (जास्त पळण्यासाठी बदल केलेल्या गाड्या) खोलायच्या आणि परत जोडायच्या. पोरवयात सिगारची खोकी चिकटवून त्याने स्वतःच गिटार बनवायचा प्रयत्न केला होता आणि त्याच्यावर फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या, सुरांची घरं पाडणाऱ्या आडव्या पट्ट्या) म्हणून चक्क रंगाच्या रेघा मारल्या होत्या. मला ही गोष्ट फार आवडते.

ऐंशीच्या दशकात त्याने पिक (तार छेडायची छोटी चकती) सोडलं आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. त्याच्या उजव्या हाताकडे नीट बघा, अंगठा तार छेडतोय, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर आणि बार उरलेल्या बोटांत कुठेतरी अडकवलेला. नॉब बंद असताना तार छेडायची आणि लगेच करंगळीने तो उघडत न्यायचा, मग नोटेचा तो सुरुवातीचा 'टण्' ऐकूच येत नाही, सूर कुठून तरी उगवल्यासारखा येतो. स्ट्रॅटोकास्टरवर (फेंडर कंपनीचं गिटारचं मॉडेल, लाडाने स्ट्रॅट) हा नॉब तारांच्या अगदी लगत असतो म्हणून जमतं, माझ्या मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या गिटारवर करून बघितलं तर करंगळी पोचेचना.

आणि तो बार! ब्रिजला, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या भागाला, लावलेली वीतभर दांडी. स्ट्रॅटचा ब्रिज असा तरंगता ठेवता येतो, एकीकडून तारा ओढतायत, मागून स्प्रिंगा ओढतायत, मध्ये तो तोलून उभा. दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर खाली, वर खेचली की सूर चढतो. ऐकायला सोपंय, पण एक तार चढवली की बाकीच्या पाच जरा जरा उतरतात, त्या लावून होईपर्यंत पहिली बिघडलेली असते, आणि वाजवता वाजवता एखादी तुटलीच तर स्प्रिंगांचा जोर जिंकतो आणि राहिलेल्या सगळ्या चढून बसतात. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचेत तार अडकू नये म्हणून तिथे पेन्सिलचं शिसं घासायचं, हा गिटारवाल्यांचा जुना तोडगा. माझ्या टेबलावर गिटारशेजारी कायम ६बी पेन्सिल असते, आई पाहुण्यांना सांगते तो हल्ली चित्रं पण काढतो.

एवढ्या लहरी दांडीवर हा माणूस चाल वाजवतो. १९८९ च्या 'व्हेअर वेअर यू' मध्ये हार्मोनिक छेडतो, म्हणजे तारेला फक्त स्पर्श करून काढलेला तो काचेसारखा सूर, आणि मग पुढची चाल फ्रेटवर बोट न ठेवता बार दाबून, सोडून, ओढून काढतो. कुठे थांबायचं हे सांगायला फ्रेट नाही, रेघसुद्धा नाही, फक्त कान. तो पीस त्याला बल्गेरियन बायकांचं कोरस गाणं ऐकून सुचला होता, आणि हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की अरे, हा गिटारिस्टांची कॉपी करतच नाहीये.

मग 'नादिया' ऐकलं. मूळ गाणं नितीन सॉहनीचं, १९९९ च्या 'बियाँड स्किन' अल्बममधलं, गायलंय स्वाती नाटेकर यांनी (नाव वाचून मराठी माणसाचे कान आपोआप टवकारतात, त्याला इलाज नाही). बेकने ते २००१ मध्ये गिटारवर वाजवलं. दोन्ही पाठोपाठ लावून ऐका. गाण्यात जिथे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) आहे तिथे याची मींड, छोटी मुरकी, म्हणजे सुरांची चटकन घेतलेली गिरकी, आली की ती पण बारवर, आणि हे सगळं इंग्लंडातल्या एका मेकॅनिक टाइप माणसाने, ज्याला कोणी समोर बसवून पलटे घोटून घेतले नव्हते.

त्याच्या नावाची गिटार विकत घेऊन त्याचा टोन येतो असं मानणारे लोक आहेत, घेऊ देत बापडे. मी 'नादिया'ची पहिली ओळ घेऊन बसलो. टॅबबरहुकूम सगळे सूर बरोबर येत होते आणि तरी ऐकायला काहीतरी भलतंच. शेजारच्या काकू गाणं शिकवतात, भिंत एकच, त्यांना सगळं ऐकू जातं. एकदा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या,

"ते काय वाजवतोस रे रोज? चाल छान आहे. पण खाली येताना धपकन येतोस."

"काकू, ती दांडी असते ना, ती दाबली की…"

"दांडी राहू दे. आधी गाऊन दाखव."

जिन्यात! गायलो कसाबसा. त्या म्हणाल्या, बघ, गाताना तू खालच्या सुरावर टेकायच्या आधी जरा रेंगाळलास, ते वाजवताना कुठे जातं? आणि खरंच होतं ते, गळ्याने मी आपोआप रेंगाळत होतो, हाताला मात्र पोचायची घाई होती. तेव्हापासून जेफ बेकचा व्हिडिओ बंद, स्वाती नाटेकरांचं गाणं चालू, तंबोऱ्याचं ॲप लावतो, ओळ आधी गातो, मग बारवर शोधतो. काकूंच्या विद्यार्थिनी पलीकडे सा लावत असल्या तर फुकटात ट्यूनिंग पण होतं.

फरक पडलाय म्हणायला हरकत नाही, ओळीचा पहिला अर्धा भाग कधी कधी असा लागतो की मी स्वतःच दचकतो आणि दचकल्यामुळे पुढचा अर्धा जातो. सध्या भांडण स्प्रिंगांवरून आहे. चार लावल्यात, एक काढली तर दांडी हलकी होईल आणि मुरकी सुटी निघेल असं वाटतंय, पण मग ब्रिज पुढे झुकणार, स्क्रू आवळून परत तोलायला लागणार, सगळं सेटिंग नव्याने. रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणारे, तोपर्यंत काकूंना सांगून ठेवलंय की दोन दिवस भिंतीपलीकडून काहीही आवाज येऊ शकतात.