कालवडीचा प्रश्न
(माजी विद्यार्थी, दहावी, मार्च 1993)

सुवर्णमहोत्सव समितीने शाळेच्या जडणघडणीविषयी चार शब्द मागितले आहेत. परंतु लिहायला बसल्यावर इमारत, स्नेहसंमेलने किंवा कबड्डीची ढाल यांपैकी काहीच पुढे येईना, विज्ञानाच्या बाई तेवढ्या येत राहिल्या. त्यांचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. आपल्याकडे नुसते 'बाई' म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे कोणत्याच तुकडीला सांगावे लागत नाही.

प्रजननाचा धडा "घरी वाचून घ्या" असे सांगून पुढे जाण्याची रीत तेव्हा सर्रास होती आणि अजूनही ती मोडलेली नाही. बाई तो धडा शिकवीत, तोही मुले आणि मुली एकत्र बसवून आणि तोही दसऱ्याच्या आधी. पुस्तकाच्या क्रमाने गेले असते तर तो दिवाळीनंतर आला असता. पण दिवाळीला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटत, गावातल्या बैलगाड्या आणि ट्रक उसाच्या पट्ट्याकडे निघत आणि वर्गातले दोन-तीन बाक रिकामे होत. त्यांतल्या काही मुली आईबापांबरोबर जात, तर काही लग्न होऊन. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्ने लागत. ज्यांना हा धडा सर्वांत आधी लागणार होता त्याच मुली तो शिकवायच्या वेळी वर्गात नसत, हे बाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी धडाच पुढे ओढला. एवढी साधी गोष्ट कोणत्या परिपत्रकात असेल असे मला वाटत नाही.

त्या तासाची सुरुवात त्यांनी माझ्यापासून केली. आमच्या घरी देवणी गाय होती, हे त्यांना ठाऊक होते.

"काय रे, कालवड पहिल्यांदा माजावर आली की लगेच वळूकडे नेता का?"

मी उभा राहून म्हणालो, "नाही बाई. अंग भरू द्यावं लागतं."

"का?"

"नाहीतर वेताला अडते. वासरू बारकं होतं. आणि कालवडीची वाढ तिथंच खुंटते."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि जे बोललो तेच फळ्यावर लिहायला लावले. माझे अक्षर गिचमिड. तीन ओळींनी अर्धा फळा भरला. मी जागेवर येऊन बसल्यावर बाई फळ्याकडे गेल्या आणि 'कालवडीची' हा शब्द त्यांनी डस्टरने नव्हे तर बोटाने, सावकाश पुसला. त्या जागी दुसरा शब्द लिहिला नाही. फळ्यावर एक पांढुरकी पट्टी राहिली आणि वर्गात कोणी हसले नाही. मागच्या बाकावरचे, जे एरवी कशालाही हसत, तेही नाही.

मग त्यांनी किराणा दुकानातून मागून आणलेला तराजू टेबलावर ठेवला आणि शेजारी ज्वारीचे पोते. बाराव्या आठवड्याचा गर्भ म्हणून त्यांनी पारड्यात जेमतेम चौदा ग्रॅम दाणे टाकले, विसाव्या आठवड्याला तीनशे ग्रॅम, अठ्ठाविसाव्याला एक किलो आणि पूर्ण दिवसांना तीन किलो. "म्हणजे दोन किलो वजन शेवटच्या बारा आठवड्यांत चढतं. त्या बारा आठवड्यांत आईच्या डोक्यावर उसाची मोळी असेल आणि पोटात भाकरी-मिरची, तर हे दोन किलो कुठून येतील?" हा प्रश्न त्यांनी मुलींना नाही, मुलांना विचारला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडे अजून वाढत असतात, कटीर, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, पुरते भरलेले नसते आणि तिचे शरीर व पोटातला गर्भ एकाच ताटातून ओढाओढ करतात, हे सारे पुढे आले. पण ते समजायला आम्हांला वेळ लागला नाही, कारण फळ्यावरच्या तीन ओळी तेच सांगत होत्या. नऊ महिने नऊ दिवस म्हणजे शेवटच्या पाळीपासून साधारण 280 दिवस, आणि गाईचेही जवळपास तेवढेच, हे ऐकून मी विनाकारण खूश झालो होतो. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे त्यांनी दोनदा सांगितले आणि दुसऱ्यांदा मुलांच्या रांगेकडे पाहून.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती कडेवर मूल घेऊन गावात दिसली. बाईंनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. तिच्या सासऱ्यांना भेटून बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला आणि परीक्षेचे तीन तास शिपाईमामांच्या घरच्यांनी ते मूल व्हरांड्यात सांभाळले. ती पास झाली. तिला अठरा पूर्ण व्हायचे होते तेव्हा, आणि मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने 1978 पासून अठरा आहे.

माझ्या घरची गोष्टही सांगतो. धाकट्या बहिणीला पंधरावे लागले तेव्हा पाहुणे आले. मी वडिलांना गोठ्यात गाठून बाईंचाच प्रश्न विचारला. त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणे टाकले, पण पाहुण्यांना नकाराचा निरोप गेला. बहिणीचे लग्न बारावीनंतर, एकोणिसाव्या वर्षी झाले. मी पुढे पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक झालो. कृत्रिम रेतनासाठी कालवड पुढे आली की आधी तिचे वजन पाहतो आणि कमी भरली तर परत पाठवतो. शेतकरी वाद घालत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) मात्र राज्यातल्या वीस ते चोवीस वर्षे वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले आणि आपल्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे.

2007 साली राज्यात लैंगिक शिक्षणावर बंदी आली तेव्हा मी बाईंना भेटलो होतो. "धडा पुस्तकात आहे ना? मग मी पुस्तकच शिकवते," एवढेच त्या म्हणाल्या. हल्ली शाळांत लोहाची निळी गोळी दर आठवड्याला मिळते, हे चांगलेच आहे. परंतु गेल्या वर्षी जनावरांच्या शिबिरासाठी एका गावी गेलो असता तिथल्या शाळेत डॉक्टरांचे व्याख्यान होते; मुली सभागृहात होत्या आणि मुलांना चेंडू देऊन मैदानावर सोडले होते. मला तराजू आठवला.

बाई समारंभाला येणार असल्याचे कळले. त्यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, तेव्हा समितीने त्यांची खुर्ची व्यासपीठावर न ठेवता खाली, जुन्या प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवावी, ही विनंती. त्यांना घरून आणायला गाडी घेऊन मी जाणार आहे.