ग्रीक देवांना गेमच्या जगात बसवताना

आमच्या फँटसी गेममधलं जग काल्पनिक, पण देव ग्रीक, असं टीमचं ठरलं आणि कथाविश्वाचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीलाच गाडं अडलं ते हिफेस्टसपाशी. हा देवांचा लोहार होमरच्या एकट्या ‘इलियड’ महाकाव्यातच दोनदा ऑलिम्पसवरून, म्हणजे देवांच्या पर्वतावरून, फेकला जातो. एकदा देवांचा राजा झ्यूस त्याला पायाला धरून भिरकावतो आणि तो लेम्नॉस बेटावर आदळतो. पुढे तो स्वतःच सांगतो, की मी लंगडा म्हणून आईने, हेराने, मला टाकलं आणि समुद्रात थेटिस या सागरदेवीने सांभाळलं. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या मते अथेना देवी झ्यूसच्या डोक्यातून जन्मली, म्हणून चिडलेल्या त्याच्या बायकोने, हेराने, हिफेस्टसला एकटीने जन्म दिला. पण पिंडार या दुसऱ्या ग्रीक कवीच्या काव्यात अथेनाच्या जन्मावेळी झ्यूसच्या डोक्यावर कुऱ्हाड चालवायला हिफेस्टसच हजर असतो!

कथेचा एकच पाठ, म्हणजे एकच रूप, निवडून बाकीचे गाळावेत, असं टीममधल्या बऱ्याच जणांचं मत होतं. मला ते मुळीच पटेना. ग्रीकांकडे सगळ्यांवर बंधनकारक असा एक धर्मग्रंथ नव्हता. प्रत्येक नगराची देवळं वेगळी, कथाही वेगळ्या. झ्यूस क्रीटमध्ये जन्मला असं पुष्कळ जण मानत, तर आर्केडियाचे लोक तो आपल्या लायकेऑन पर्वतावरचा म्हणून सांगत. दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरून देवस्थानांची वर्णनं लिहिणाऱ्या पॉसेनिअसने तर म्हणून ठेवलंय, की झ्यूस आपल्याकडेच जन्मला असा दावा करणाऱ्यांची यादी करणं अशक्य आहे. हे पाठभेद म्हणजेच त्या जगाचा जिवंतपणा.

म्हणून आमच्या तक्त्यात प्रत्येक कथेपुढे ‘कोण सांगतं’ असा रकाना आला. बंदरातले पुजारी झ्यूसने फेकल्याची कथा सांगतात, बेटावरचे कोळी थेटिसची. केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसाचंही तसंच: हेसिअडकडे ती जन्मतःच गॉर्गन, म्हणजे राक्षसी, आहे, अथेनाच्या शापाने केसांचे साप होण्याची कथा रोमन कवी ओव्हिडची. आमच्याकडे ही दुसरी कथा अथेनाच्या देवळातून पळून आलेल्या बायकांच्या तोंडी आहे. सांगणारा ठरला नसेल तर ती ओळ गेममध्ये येणार नाही, यावर मी अडून बसलो. विशेषतः लोडिंग स्क्रीनवर. तिथे कोणी पात्र बोलत नसतं, त्यामुळे खेळाडू तो मजकूर सत्य धरून चालतो.

नियमांच्या बाबतीत मात्र पाठभेद चालत नाहीत. पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ मोडणाऱ्या देवाची शिक्षा हेसिअडने नेमकी सांगितली आहे: एक वर्ष श्वासाविना, वाचेविना पडून राहायचं, अमृतान्न नाही, पुढची ९ वर्षं देवांच्या सभेत आणि मेजवान्यांत प्रवेश नाही. हे आम्ही जसंच्या तसं घेतलं. गेममधल्या एका देवळात नवस, बळी कशालाच उत्तर मिळत नाही; तिथल्या देवाने शपथ मोडली आहे हे खेळाडूने ताडायचं.

सर्वात जास्त वाद झाला तो माणसांसाठी अग्नी चोरणाऱ्या प्रोमिथियसवरून. सगळ्यांना त्या चोरीपासून सुरुवात हवी होती. माझं म्हणणं, आधी मेकोनी या ठिकाणचा प्रसंग दाखवा. तिथे प्रोमिथियस बैलाचे वाटे करतो: मांस पोटाच्या पिशवीत लपवतो, हाडं चकचकीत चरबीखाली. झ्यूस चरबीचा वाटा उचलतो, संतापतो आणि माणसांचा अग्नी काढून घेतो. मग चोरी, मग माणसांना शिक्षा म्हणून पाठवलेली पहिली स्त्री पँडोरा. मेकोनी गाळली की झ्यूस विनाकारण क्रूर दिसतो आणि माणसं देवांसाठी हाडं जाळून मांस स्वतः का खातात, तेही कळत नाही. आता गेममध्ये यज्ञ करताना खेळाडू स्वतःच्या हाताने हाडांवर चरबी रचतो. हा प्रसंग टिकला याचा मला फार आनंद आहे.

नियतीच्या तीन देवतांपाशी मात्र निवड करावीच लागली. हेसिअड एकाच काव्यात त्यांना आधी रात्रीच्या मुली म्हणतो, नंतर झ्यूस आणि थेमिस देवीच्या. झ्यूसच्या मुली धरल्या तर नियती त्याच्या आज्ञेत येऊ शकते. रात्रीच्या धरल्या तर त्या त्याच्याआधीच्या. ‘इलियड’मध्ये आपला मुलगा सार्पेडॉन युद्धात मरणार हे दिसत असताना झ्यूस त्याला वाचवायचा विचार करतो, हेरा त्याला आवरते आणि तो फक्त रक्ताचा पाऊस पाडतो. त्या प्रसंगासाठी मी रात्रीच्या मुली निवडल्या. आमच्या एका क्वेस्टमध्ये झ्यूसची कितीही प्रार्थना केली तरी नायक वाचत नाही. काही टेस्टरनी तो बग म्हणून नोंदवला, तेव्हा हेराच्या पुजारिणीच्या तोंडी आधीच दोन वाक्यं घातली. त्यानंतर ती तक्रार आली नाही.