एक्सल तुटला नव्हता

मी रेल्वेत मेकॅनिकलला आहे, रोजचं काम डिझेलचं, त्यामुळे वाफेच्या इंजिनाशी संबंध म्हणजे कुठेतरी चौथऱ्यावर रंग मारून ठेवलेलं जाता येता बघायचं, बास. पण मध्यंतरी माथेरानचं एक जुनं इंजिन चौथऱ्यावरून उचलून बाजूच्या नवीन रुळांवर ठेवायचं काम गळ्यात पडलं. कुठलं इंजिन आणि कुठे, ते सोडा, उगाच कोणाला त्रास नको.

आदल्या दिवशी खालून सगळं डिझेल मारून भिजवून ठेवलेलं, कारण इतकी वर्षं उभं म्हणजे गंज असणारच. सकाळी पुढच्या बाजूला दोन जॅक लावले, लाकडाचं पॅकिंग दिलं आणि हळूहळू उचलायला घेतलं. चाकं रुळावरून जेमतेम सुटली असतील नसतील तोच आतून टक्कन आवाज आला आणि पुढची जोडी फिरली. म्हणजे गोल नाही फिरली, उजवं चाक पुढे सरकलं, डावं मागे गेलं, आणि फ्रेमच्या बाहेरचा क्रँक (एक्सलच्या टोकाचा दांडा) आणि साईड रॉड (क्रँकना एकमेकांशी जोडणारा लांब दांडा) मात्र जागच्या जागी! खलाशी, म्हणजे आमचा मदतनीस, ओरडलाच, "साहेब, एक्सल गेला!" आता क्रँक आणि चाक एकाच एक्सलवर असतात, एक हललं आणि दुसरं नाही म्हटल्यावर कोणालाही तेच वाटणार. ठेकेदाराचा माणूस लगेच, आमच्यामुळे नाही झालं, आधीपासूनच तुटलेलं होतं वगैरे. आणि पाच मिनिटांत त्याने उपाय पण काढला, वेल्डिंग मारू दोन-चार ठिकाणी, नाहीतरी चालवायचंय कोणाला.

मी काम थांबवलं आणि नेरळ शेडला पूर्वी फिटर असलेल्या एका रिटायर्ड काकांना फोन लावला. स्टीमच्या शेवटच्या वर्षांत ते तिथे होते. दुपारी आले, कोणाशी काही न बोलता खाली पोतं टाकून इंजिनाखाली शिरले, टॉर्च मारला आणि आतूनच हसायला लागले. "तुटलं नाय साहेब, त्याला हलायलाच बनवलंय."

मग बाहेर येऊन कॉटन वेस्टने हात पुसत त्यांनी समजावलं ते असं. बाहेरून दिसतो तो खरा एक्सल फ्रेममध्ये पक्का, त्याला क्रँक, क्रँकला साईड रॉड. पण चाकं त्याच्यावर नाहीतच! चाकं बसवलीत त्याच्यावरून घातलेल्या एका पोकळ एक्सलवर, म्हणजे एक्सलच्या अंगावर दुसरा एक्सल. मध्यभागी आतल्या एक्सलला गोळा, त्याच्यातून आडवी पिन, आणि पोकळ एक्सल त्या गोळ्यावर खुब्याच्या सांध्यासारखा वळतो. फिरवायची ताकद पिनमधून जाते, पण वळणावर चाकं स्वतः तिरकी होतात आणि साईड रॉडला पत्ता पण लागत नाही. पुढचा आणि मागचा एक्सल असा, मधला साधा. क्लिन-लिंडनर म्हणतात याला, दोघं जर्मनीतल्या सॅक्सनीच्या रेल्वेतले इंजिनियर. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या 600 मिमी गेजवर जी आठ चाकी इंजिनं हजारोंनी धावली त्यांच्यातही हेच.

हे एवढं सगळं कशाला, तर नेरळ-माथेरानचा घाट बघा. दोन फुटी गेज, साधारण 21 किमी, चढ 1:20, वळणं 60 फूट त्रिज्येपर्यंत. सरळ घट्ट सहा चाकी इंजिन अशा वळणावर एकतर अडकणार नाहीतर रूळ खाणार. दार्जिलिंगने हाच प्रश्न सोप्या मार्गाने सोडवला, त्यांच्या 1889 पासूनच्या बी क्लास इंजिनांना दोनच एक्सल, तेही एकमेकांच्या जवळ. माथेरानला तीन ठेवले आणि टोकाचे दोन हलते केले. डिझाईन एव्हरार्ड कॅलथ्रॉपचं, आपल्या बार्शी लाईट रेल्वेवालाच तो, आणि बांधली जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलने. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या 16 लाखांत लाईन उभी केली, 1907 ला गाडी सुरू झाली, इंजिनं फक्त चार, नंबर 738 ते 741, आणि त्यांनी 1982 पर्यंत काम केलं, 1955 नंतर डिझेलं आली तरी. 740 तर नंतर थेट इंग्लंडला गेलं, लेटन बझर्डला.

काका म्हणाले, भानगड एकच, तो गोळा डोळ्याला दिसत नाही, तेल पोचतंय का नाही कळत नाही, आणि आत झीज झाली की सरळ रुळावर इंजिन डुलायला लागतं. मला विचाराल तर माथेरानच्या इंजिनात बघण्यासारखी हीच एक गोष्ट आहे आणि नेमकी तीच कोणाला दिसत नाही, लोक चिमणीसोबत सेल्फी काढतात आणि जातात. बोर्डावर तर बनवणाऱ्याच्या नावापुढे काही नाही.

पुढचं काम मग काकांच्या सांगण्याने. चाक आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, म्हणजे उचलताना जोडी डोलणार नाही. क्रेनने उचलून नवीन रुळांवर आणलं, थोडं वर धरून ठेवलं, पाचरी काढल्या, आणि दोघांनी पहारीने चाक सरळ धरलं. काका खाली बसून फ्लँजकडे, म्हणजे चाकाच्या कडेकडे, बघत, "अजून... अजून... हां, सोड." पुढचं बसलं. मागच्या जोडीने जरा जास्त छळलं, ती आतून गंजून बसलेली, तिला पुन्हा डिझेल, पुन्हा पहार, संध्याकाळ झाली.

ठेकेदाराने बिलात एक्सल वेल्डिंगचे पैसे लावून बघितलेच. मी खोडले.