हा आकडा आमचा नाही

आयजेम ही सजीवांच्या डीएनएत बदल करून प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थी टीमची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तिच्या जांबोरीतलं, म्हणजे शेवटच्या मेळाव्यातलं, उद्घाटन, सुरक्षेच्या सूचना, प्रायोजकांचे आभार, वरच्या मजल्यावरून काढलेला सगळ्यांचा एकत्र फोटो हे सारं दरवर्षी होतं आणि नीट होतं. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते प्रेझेंटेशनच्या विसाव्या मिनिटाबद्दल. तेव्हा पडद्यावर शेवटची स्लाइड यायची आणि त्या स्लाइडवर दुसऱ्या देशातल्या टीमचं नाव असायचं. आज इतक्या वर्षांनीही ते नाव वाचताना माझा गळा दाटून येतो.

2015 मध्ये मी विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा जांबोरीसाठी बॉस्टनच्या हाइन्स सेंटरमध्ये गेले. पुढची चार वर्षं मेंटर म्हणून जात राहिले. एमआयटीत 2003 च्या जानेवारीत हे सगळं एका छोट्या अभ्यासक्रमातून सुरू झालं. टॉम नाइट, ड्रू एंडी आणि रँडी रेटबर्ग यांनी ते रुजवलं. 2004 च्या उन्हाळ्यात स्पर्धेत फक्त 5 टीम होत्या, त्याही सगळ्या अमेरिकेतल्या. पुढच्या वर्षी 13 झाल्या आणि इतर देशांतली मुलं आली. 2006 ला ॲल्युमिनियमची ती मोठी वीट, म्हणजे मुख्य ट्रॉफी, स्लोव्हेनियाच्या मुलांनी नेली. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. छोट्या देशातली, छोट्या लॅबमधली मुलं तिथं पोहोचू शकतात हे त्यांना पहिल्याच दिवशी कळायला हवं.

मात्र देशोदेशींच्या टीम खरोखर एकमेकींच्या जवळ आल्या त्या इंटरलॅबमुळे, म्हणजे सगळ्या लॅबनी एकच गोष्ट मोजून पाहण्याच्या उपक्रमामुळे, असं माझं ठाम मत आहे. हिरवं चमकणारं प्रथिन सगळेच मोजायचे, पण प्रत्येक यंत्र आपल्याच मापात बोलायचं. एका लॅबचा आकडा हजारांत, तर दुसऱ्या लॅबचा त्याच जीवाणूसाठी शंभराच्या आत. कोण बरोबर हे ठरवायला काही साधनच नव्हतं. मग सगळ्यांनी तेच डीएनए, तोच प्रोटोकॉल घेऊन मोजायचं ठरलं. 2014 आणि 2015 या दोन वर्षांत मिळून 88 संस्थांनी ई. कोलाय या जीवाणूतल्या तीन डीएनए रचना मोजल्या: एक जोरात चमकणारी, एक मध्यम, एक मंद. 2018 ला तर 244 लॅबनी भाग घेतला. नुसत्या गढूळपणावरून पेशींची संख्या कशी काढायची, हा त्या वर्षीचा प्रश्न होता. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ठरलेल्या संख्येनं पाण्यात घालून यंत्र आधी त्यांच्यावर जुळवून घेतलं की उत्तर सगळ्यात भरवशाचं येतं, हे त्यातून दिसलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं पिपेट धरायला शिकता शिकता हे करत होती. आमच्या दोघी मुलींनी मोजणीच्या प्लेट तीनदा भरल्या होत्या, तिसऱ्यांदा रात्री दीड वाजता. त्या 244 मध्ये आम्हीही होतो, याचा मला अजून अभिमान वाटतो.

त्याच वर्षी जिच्याशी आमचं खरं नातं जुळलं त्या टीमचं नाव मी इथं देत नाही. त्यातली मुलं आता आपापल्या वाटेनं गेली आहेत. त्यांनी एक प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, पाठवला होता. डीएनए पाठवायची आमची पद्धत साधी होती. फिल्टर पेपरवर पेन्सिलीनं गोल काढायचा, त्यात थेंब सोडायचा, वाळवायचा आणि कागद पाकिटात घालायचा. पाकीट आलं, आम्ही तो गोल कापून भिजवला, पेशींत डीएनए घातलं आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर जीवाणूंची एकही कॉलनी उगवलेली नव्हती. आम्ही कळवलं की तुमचं डीएनए वाटेत खराब झालेलं दिसतं. त्यांनी काही न बोलता दुसरं पाकीट रवाना केलं आणि सोबत विचारलं, प्लेटवर औषध कोणतं आहे ते एकदा बघाल का? त्यांचा प्लाझमिड, म्हणजे पाठवलेलं डीएनएचं वर्तुळ, पेशींना क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकापासून वाचवणारा होता. आमच्या प्लेट ॲम्पिसिलिन या दुसऱ्याच प्रतिजैविकाच्या होत्या, त्यावर त्या पेशी वाढणं शक्यच नव्हतं. त्या प्लेट मीच काढून दिल्या होत्या. मी माफीचं लिहिलं, तर उत्तर आलं की आमच्याकडेही जूनमध्ये हेच झालं होतं.

पुढे ऑगस्टमध्ये आमचा प्लेट रीडर, म्हणजे चमक मोजणारं यंत्र, बंद पडला. आमची रचना, म्हणजे संकेत मिळाला तरच चमकायला हवा असा डीएनएचा स्विच, तयार होती, गणिती मॉडेल तयार होतं, पण मोजायला यंत्र नव्हतं. तेव्हा फिल्टर पेपरचं पाकीट उलट दिशेनं गेलं. आमची मुलं त्यांच्या प्रकल्पासाठी समीकरणं सोडवत बसली आणि त्यांची मुलं आमची रचना मोजत बसली. महिन्याभरानं आकडे आले. ते चांगले नव्हते. संकेत नसतानाही आमचा स्विच चमकत होता, म्हणजे गळती होती. त्यांनी लिहिलं होतं, आम्हालाही पटेना, म्हणून नव्या कॉलनी घेऊन तीनदा मोजलं, सगळ्या फाइल जोडल्या आहेत. परक्या मुलांनी आमच्या निराशेसाठी तीनदा प्लेट भरल्या. एखादा जरा बरा दिसणारा आकडा पाठवला असता तरी आम्हाला कधी कळलं नसतं.

आमचं प्रेझेंटेशन सकाळच्या अगदी पहिल्या सत्रात होतं. हॉल जवळजवळ रिकामा होता. सकाळी उठणं अवघड असतं हे मला समजतं. पण त्याच शहरात शिकणाऱ्या आमच्या तीन माजी सदस्यांनी नक्की येतो असं सांगितलं होतं आणि त्यातला एकही आला नाही. हे मी त्यांना नंतर बोलून दाखवलं आणि इथंही लिहिते, कारण त्या मुलांनी दारापर्यंत जाऊन तीनदा पाहिलं होतं. दुसऱ्या रांगेत मात्र ती टीम बसली होती, नऊच्या नऊ जण, स्वतःचं पोस्टर अजून लावायचं असताना.

गळतीचा आलेख आला तेव्हा आमची सगळ्यात लाजरी मुलगी माइकवर होती. तिथं काय बोलायचं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "हा आकडा आमचा नाही. ज्यांनी तो मोजला ते समोर बसले आहेत. आमचा स्विच गळतो हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं." मग तिनं त्यांना उभं राहायला सांगितलं. एका परीक्षकानं वही बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

मला असंच बोलणं आवडतं आणि असं बोलणं दुर्मीळ आहे. पदकाच्या निकषांत सहकार्य आलं आणि त्यासोबत प्रश्नावल्यांचा पूर आला. दहा प्रश्न भरा, एक फोटो काढा, झालं सहकार्य. 2020 ला निकषात भागीदारी हा शब्द आला, वरवरच्या देवाणघेवाणीपेक्षा खोल काम मागितलं जाऊ लागलं, आणि मला बरं वाटलं. पण त्याच वर्षी जांबोरी पडद्यावर गेली. पुढे पॅरिसला सुरू झाली तेव्हापासून प्रेझेंटेशनचा व्हिडिओ आधीच पाठवायचा असतो, समोर फक्त परीक्षकांचे प्रश्न. दुसऱ्या रांगेत बसलेल्यांना उभं करण्याची ती जागा आता राहिलेली नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आता आभार. कोणी राहून जाऊ नये, म्हणून सावकाश लिहिते. पाच वर्षं लॅबची किल्ली देणारे आमचे सर. रात्री ऑटोक्लेव्ह लावून देणारे लॅब असिस्टंट. काचसामान धुणाऱ्या मावशी, ज्यांच्यामुळे एकही प्रयोग घाण फ्लास्कमुळे वाया गेला नाही. व्हिसाच्या पत्रांवर एका दिवसात सह्या मिळवून देणाऱ्या ऑफिसातल्या ताई. विकी, म्हणजे टीमची वेबसाइट, गोठायच्या (त्यानंतर तिच्यात बदल करता येत नाहीत) रात्री आमच्यासोबत जागलेला कॉम्प्युटर विभागातला दादा. सिक्वेन्सिंगचे निकाल सुट्टीच्या दिवशी पाठवणारी मंडळी. समीकरणांतली चिन्हाची चूक पकडणारे गणिताचे सर. त्या दुसऱ्या टीमच्या मार्गदर्शक बाई. पोस्टरची नळी विमानतळावर राहिली तेव्हा पुन्हा छापून आणणारा स्वयंसेवक, ज्याचं नाव विचारायचं राहिलं. आणि घरून पैसे कमी पडले तेव्हा आपल्या शिष्यवृत्तीतून भर घालणारा आमचाच एक मुलगा, ज्यानं हे कोणाला सांगू नका असं बजावलं होतं, म्हणून एवढंच.

कोणानं काय केलं याचं पान प्रत्येक टीमला विकीवर लिहावंच लागतं. मी इतरांचे प्रकल्प वाचायला घेते तेव्हा सुरुवात त्याच पानापासून करते. त्या वर्षी विकी गोठल्यावर त्या टीमचं पान उघडलं. आमच्या मुलांची नावं अचूक लिहिलेली होती, सरांचं होतं, माझंही होतं. आणि सगळ्यात खाली, एका वेगळ्या ओळीत, आमच्या मावशींचं नाव होतं. मुलांनी कधीतरी बोलता बोलता त्यांना सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी मी ते पान छापून मावशींना दाखवलं. त्यांनी हात पुसले, चष्मा काढून आणला, आणि आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं.