ओबे अता: मिरचीचे पाणी आटेपर्यंत

यजमानांना नायजेरियातल्या लेगोस शहरातील एका कारखान्यात नोकरी मिळाल्यामुळे २०१५ च्या अखेरीस आम्ही इकेजा भागात राहायला गेलो, आणि पहिल्याच रविवारी, शेजारची मंडळी चर्चहून परतल्यावर, घराघरांतून एकच वास येऊ लागला. तो तेलात परतलेल्या लाल मिरचीचा होता एवढे कळत होते, पण आमच्या कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाशी त्याचे नाते जुळत नव्हते. त्यात खोबरे नव्हते, गरम मसाला नव्हता, आणि मिरचीच्या झणक्याबरोबर पिकल्या फळासारखा एक गोडसर दरवळ होता, जो कोणत्या जिनसाचा हे मला ओळखता येईना. तिथल्या योरुबा भाषेत या रश्शाला ‘ओबे अता’ म्हणतात. ओबे म्हणजे रस्सा आणि अता म्हणजे मिरची. रविवारी दुपारी पांढरा भात आणि हा रस्सा ही तिथल्या असंख्य घरांची ठरलेली रीत आहे.

मी तो पहिल्यांदा केला तेव्हा माझ्या सवयीप्रमाणे केला. लाल मिरच्या, टोमॅटो आणि कांदा वाटून घेतला, तेलात आले-लसूण परतून त्यावर वाटण ओतले, कडेने थोडे तेल दिसू लागताच पाणी घातले, आणि कोंबडीचे तुकडे मीठ-मिरची लावून कच्चेच ओव्हनमध्ये भाजून वरून सोडले. रस्सा आंबट झाला, मिरचीचा कच्चा उग्र वास तसाच राहिला आणि कोंबडी बाहेरून कोरडी, आतून अळणी लागली. खालच्या मजल्यावरच्या आंटींना मी वाटीभर नेऊन दिला होता. साठीच्या आसपासच्या या बाईंनी तो माझ्यासमोर शांतपणे चाखला, वाटी बाजूला ठेवली आणि येत्या शनिवारी बाजारात माझ्याबरोबर चल, असे सांगितले.

तो मे २०१६ चा महिना होता. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणाऱ्या टुटा अब्सोलुटा या किडीने त्या वर्षी उत्तर नायजेरियातील पीक खाल्ले होते, कडुना राज्याने त्यासाठी आणीबाणी जाहीर केली होती, आणि जिथे उत्तरेकडून ट्रकच्या ट्रक टोमॅटो उतरतात त्या माइल ट्वेल्व्ह बाजारात त्याचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. आंटींनी चारच टोमॅटो घेतले आणि बाकी सारा भर मिरच्यांवर दिला. मला वाटते, त्या टंचाईच्या दिवसांत शिकले हे माझे भाग्यच, कारण हा रस्सा टोमॅटोवर नव्हे तर मिरचीवर उभा आहे हे मला एरवी इतक्या लवकर उमगले नसते.

मिरच्या तीन प्रकारच्या घेतल्या. ताताशे ही मोठी, जाड सालीची, टोकाकडे निमुळती आणि गडद लाल मिरची. ती फारशी तिखट नसते, रंग आणि दाटपणा तिचा. शोम्बो ही लांबट, बारीक आणि मध्यम तिखट. आणि तिसरी अता रोडो, छोट्या कंदिलासारखी सुरकुतलेली, लाल किंवा पिवळी, जी इंग्रजीत स्कॉच बॉनेट म्हणून ओळखली जाते. आंटींनी एक रोडो देठाजवळ नखाने किंचित टोकरून माझ्या नाकाजवळ धरली, आणि इतके महिने जिन्यात रेंगाळणारा तो फळाचा वास मला तिथे सापडला. आपल्याकडे मसाला कुटताना रंगासाठी ब्याडगी आणि जाळासाठी लवंगी घेतात, तसाच हा हिशेब आहे, फक्त रोडो तिखटाबरोबर सुगंधही देते आणि म्हणून तिच्याऐवजी दुसरी मिरची दुप्पट घालून भागत नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आली आणि आपल्या गोव्यातही. निघताना विक्रेतीने मूठभर शोम्बो पिशवीत जास्तीच्या टाकल्या. या वरच्या मापाला तिथे ‘जारा’ म्हणतात, आणि भाजी घेतल्यावर चार कढीपत्त्याच्या काड्या हक्काने मागणाऱ्या माझ्यासारखीला तो शब्द लगेच आपला वाटला.

दीड किलोच्या कोंबडीला आम्ही सहा ताताशे, चार टोमॅटो, दोन शोम्बो, तीन रोडो आणि दोन मोठे कांदे घेतले. तिसरा कांदा उभा चिरून बाजूला ठेवला. इथे माझी एक चूक झाली. रोडोच्या आतला पांढरा दांडा, ज्यात तिखटाचा मुख्य साठा असतो, तो मी उघड्या हातांनी काढला, आणि पुढचे पाच-सहा तास माझी बोटे निखाऱ्यावर धरल्यासारखी जळत राहिली. पाण्याने काही उपयोग झाला नाही, कारण मिरचीतले कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. खोबरेल चोळून मग साबणाने दोन-तीनदा हात धुतले तेव्हा थोडा उतार पडला. आता मी हातमोजे घातल्याशिवाय रोडोला हात लावत नाही.

वाटण पाणी न घालता, किंवा मिक्सर फिरेल इतकेच घालून करायचे, आणि तेलाचा थेंबही न टाकता ते जाड बुडाच्या पातेल्यात तसेच चुलीवर चढवायचे. माझ्या आधीच्या प्रयत्नात नेमकी हीच पायरी राहिली होती. मिरची-टोमॅटोच्या अंगचे पाणी तेलात असेपर्यंत वाटण परतले जात नाही, ते नुसते शिजत राहते, आणि आंबटपणा व कच्चा वास त्यातच कोंडतो. सुरुवातीला पातेल्यात गुलाबी फेस येतो आणि मोठाले बुडबुडे रटरटतात. अर्ध्या तासाने फेस विरतो, रंग विटकरी होतो, आणि कालथ्याने मध्ये रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहते. मी दोनदा विचारले, झाले का, आणि दोन्ही वेळा आंटी पातेल्याकडे न बघता, केवळ आवाज ऐकून ‘नॉट येट’ म्हणाल्या. चाळीस मिनिटांनी वाटण निम्म्याहून कमी झाले तेव्हा कुठे त्यांनी आच बंद करू दिली.

मधल्या वेळात कोंबडी शिजवली. आंटींनी कोवळ्या ब्रॉयलरऐवजी अंडी घालून निवृत्त झालेली, ज्याला तिथे ‘हार्ड चिकन’ म्हणतात, ती जून कोंबडी घेतली होती, कारण तिच्या मांसाला चव अधिक आणि ते शिजून तुटत नाही. तुकड्यांना मीठ, थाईम नावाचा वाळवलेला सुगंधी पाला, चिरलेला कांदा, स्टॉक क्यूब म्हणजे रश्शाला चव देणारी खारट वडी, आणि चक्क करी पावडर लावली. नायजेरियातली करी पावडर सौम्य असते, हळद आणि मेथी पुढे असलेली, आणि इंग्रजी अमदानीतून आलेली ही पूड तिथल्या कोंबडीत इतकी रुळली आहे की तिच्याशिवाय वास पुरा होत नाही. तुकडे आधी त्यांच्या अंगच्या पाण्यातच झाकून दहा मिनिटे वाफवायचे आणि मगच बुडेपर्यंत पाणी घालायचे. जून कोंबडीला पाऊण तास लागतो, ब्रॉयलरला वीस मिनिटे पुरतात. खाली उरणारे पाणी गाळून जपून ठेवायचे. कोल्हापुरात मटण आधी शिजवून त्याच अळणी पाण्यावर तांबडा-पांढरा रस्सा करणाऱ्या घरातली मी. हे पाणी रश्शात जाणार हे मला कुणी सांगावे लागले नाही.

शिजलेले तुकडे पुष्कळ घरांत तळतात, पण आंटी भाजतात. त्यांनी तुकड्यांवरचे पाणी टिपून त्यांना चमचाभर तेल आणि दोन चमचे आटवलेले मिरचीचे वाटण चोळले आणि २०० अंश सेल्सियसला तापवलेल्या गॅस ओव्हनमध्ये, जाळीवर, तुकडे एकमेकांना न चिकटतील असे मांडून ठेवले. पंधरा मिनिटांनी उलटले आणि आणखी दहा मिनिटे ठेवले, तोवर कातडी आक्रसून कडांना काळसर डाग पडले. मांस आधीच शिजलेले असल्यामुळे ओव्हनचे काम फक्त कातडी आणि वरचा पापुद्रा भाजण्याचे राहते. कच्ची कोंबडी थेट भाजण्याच्या माझ्या पद्धतीत आतून शिजेपर्यंत बाहेरचा भाग वाळत असे, आणि मीठ आत पोचतच नसे.

आता फोडणी, अर्थात आपल्या अर्थाने नव्हे. पाव लिटर शेंगदाणा तेलात चिरून ठेवलेला कांदा सोनेरी केला आणि आटलेले वाटण त्यात सोडले. इतके तेल पाहून मी दचकले होते, पण आंटींचे म्हणणे असे की कमी तेलात वाटण परतले जात नाही, करपते. झाल्यावर वरचे तेल काढून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांत वापरावे. मध्यम आचेवर, बुडाला लागू न देता, पंचवीस मिनिटे परतायचे. सुरुवातीला खकाणा उठतो, खिडक्या उघड्या असल्या तरी डोळे चुरचुरतात, मग तो हळूहळू निवतो आणि आवाज बदलतो. रटरट थांबून बारीक, कोरडी चरचर सुरू होते, वाटणाचे कण सुटे दिसू लागतात आणि तेल कडेनेच नव्हे तर सगळीकडून वर येते, शेंदरी, पारदर्शक. चमचाभर चाखून पाहिले, आंबटपणा पूर्ण गेला होता. मग कोंबडीचे पाणी दोन पळ्या, मीठ, थाईमची चिमूट आणि मंद आचेवर दहा मिनिटे. शेवटी भाजलेले तुकडे घालून पाचच मिनिटे झाकण, म्हणजे कातडी मऊ पडत नाही. भात, तळलेली पिकली केळी म्हणजे डोडो, आणि वर हा रस्सा. पहिल्या घासाला रोडोचा वास येतो, तिखट नंतर येते, घशापर्यंत जाते आणि डोडोच्या गोडाने उतरते.

पुढच्या रविवारी मी तो एकटीने केला. मधेच वीज गेली, मिक्सरमध्ये वाटण अर्धे राहिले, ते मी आंटींकडून दिवा आणून पाट्यावर संपवले, पण पाणी आटवताना घाई केली नाही. संध्याकाळी आंटी दिवा परत न्यायला आल्या तेव्हा सरळ स्वयंपाकघरात गेल्या, पळीने तवंग बाजूला सारून खालचा रस्सा हातावर घेतला, चाखला, आणि जिन्यातून हाक मारून नातवाला मोठा डबा घेऊन वर यायला सांगितले.