लाईट गेली की सोलर पण बंद का होतं

छतावर पॅनल लागल्यापासून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारलाय लोकांनी, ऊन एवढं कडक आहे मग लाईट गेल्यावर तुमचं सोलर पण बंद कसं काय. तर कारण असं की लाईन बंद करून लाईनमन खांबावर चढलेला असतो, आणि त्याच तारेत आपल्या छतावरून वीज येत राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा) ग्रिड गेली की साधारण दोन सेकंदाच्या आत बंद व्हायलाच पाहिजे, याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. ह्या सेटिंगला कुणीही हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

पण एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, बरीच घरं सोलरवाली झाली की वेगळाच प्रकार सुरू होतो. दुपारी घरात वापर कमी, पॅनल मात्र जोरात, मग वीज उलटी डीपीकडे जायला लागते आणि ती ढकलायची तर इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज लाईनपेक्षा थोडं वर न्यावं लागतं, सगळेच नेतात, त्यामुळे 230 चं 250 च्या वर जातं आणि डीपीपासून सगळ्यात लांब जे घर आहे तिथे सगळ्यात जास्त चढतं. त्याचाच इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतो, ऐन उन्हात, आणि त्या माणसाला वाटतं आपले पॅनलच खराब निघाले.

आणि ट्रिप होण्याचा नियम सगळ्यांना सारखाच असला तर अजून मोठा धोका. जर्मनीत जुन्या नियमाप्रमाणे फ्रिक्वेन्सी (विजेच्या सेकंदाला किती लहरी, एरवी 50) 50.2 हर्ट्झ झाली की इन्व्हर्टर लगेच बंद पडायचे. थोडी सिस्टीम होती तोवर चाललं. नंतर लाखो झाल्या आणि लक्षात आलं की त्या आकड्याला एकदम सगळ्या सुटल्या तर हजारो मेगावॅट एका क्षणात गायब, म्हणजे जो नियम सुरक्षेसाठी केला त्यानेच ग्रिड पडायची. मग 2012 मध्ये कायदा करून तीन लाखांच्या वर जुन्या सिस्टीमच्या सेटिंग बदलायला लागल्या! केवढं काम.

आताचे इन्व्हर्टर शहाणे आहेत. फ्रिक्वेन्सी वाढली की हळूहळू पॉवर कमी करतात, व्होल्टेज चढलं की रिॲक्टिव्ह पॉवर (जी प्रत्यक्ष काम करत नाही, पण लाईनचं व्होल्टेज वरखाली करते) ओढून ते खाली आणतात, लाईनला बारीकसा झटका बसला तर लगेच पळून न जाता टिकून राहतात. पण हे सगळं सेटिंग बरोबर असेल तरच, आणि बसवणारे कितीदा घाईत फॅक्टरी सेटिंग तशीच ठेवून जातात. त्यामुळे बसवताना त्यांच्या शेजारी उभं राहून विचारा, ग्रिड कोड (कुठल्या देशाच्या लाईनचे नियम) कुठला निवडला, व्होल्ट-व्हार (तीच रिॲक्टिव्ह पॉवरने व्होल्टेज सांभाळायची सेटिंग) चालू केलं का, आणि ते लिहून घ्या.

अजून एक, लाईट परत आल्यावर इन्व्हर्टर काही मिनिटं नुसता थांबून राहतो, बऱ्याच वेळा पाच मिनिटं. तो बिघडलेला नसतो, ग्रिड स्थिर झाली का ते बघत असतो, तेव्हा बटण बंद-चालू करत बसू नका.